आयर्न + अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, ६० ची बाटली : संधिवात आणि कॅन्सरच्या पेशंटनी घ्यावी का? ५ पैकी २

प्रॉडक्ट आहे आयर्न आणि अँटिऑक्सिडंट एकत्र असलेली कॅप्सूल, ६० ची बाटली, एमआरपी १८५०, आम्हाला ओळखीतल्या एका काकूंकडून १६०० ला मिळाली, दोन बाटल्या घेतल्या होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण अशाच बाटल्या आता कितीतरी जण विकतात, लेबल थोडंफार इकडेतिकडे, आतला माल बराचसा तोच, त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या कॅप्सूलबद्दल समजा. आणि मी लिहितेय ते मुख्यतः दोन प्रकारच्या पेशंटसाठी, एक माझ्यासारखे ऑटोइम्यून आजारवाले, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर चालून येते (मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे त्यातला संधिवात आहे) आणि दुसरे कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले, माझ्या मोठ्या जाऊबाईंचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमो चालू होती. बाटल्या घरात आल्या त्या आम्हा दोघींसाठी. प्रत्यक्षात घेतल्या सासऱ्यांनी, ते पुढे सांगते.

पॅकिंग चांगलं आहे. गडद रंगाची बाटली, आत ओलावा शोषणारी पुडी, झाकणाला सील, बॅच नंबर आणि एक्स्पायरी स्पष्ट वाचता येते, एफएसएसएआयचा (अन्नपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर आहे आणि तो मी साईटवर टाकून बघितला तर खरा निघाला. कॅप्सूल मोठी आहे, वयस्कर माणसाला गिळायला जड जाते, वास हळदीचा आणि शेवाळाचा मिसळून येतो.

आता लेबल. एका कॅप्सूलमध्ये आयर्न २९ मिलिग्रॅम, म्हणजे आयसीएमआरने २०२० मध्ये बाईमाणसाची रोजची गरज जेवढी ठरवली तेवढंच (पुरुषांची १९ आहे). जोडीला व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटिन, सेलेनियम, झिंक, बायोटिन, आणि खाली एक ‘हर्बल ब्लेंड ५०० मिग्रॅ’, त्यात हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, गुळवेल, अश्वगंधा, स्पिरुलिना. ब्लेंडमधलं कुठलं किती ते लिहिलेलं नाही, आणि माझा पहिला आक्षेप इथेच आहे, कारण आमच्यासारख्या पेशंटला डॉक्टरांना दाखवायचं असतं की मी हे एवढं घेतेय, चालेल का, आणि ‘एवढं’ किती तेच बाटली सांगत नाही.

आयर्नबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. आपल्याकडे बाई दमलेली दिसली, चेहरा ओढलेला दिसला की घरातलं कुणीही सांगतं रक्त कमी झालंय, आयर्न घे. आणि ते उगाच नाही म्हणत, एनएफएचएस-५ या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, महाराष्ट्रात ५४ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. पण ऑटोइम्यून आजारात हिमोग्लोबिन कमी होण्याची कारणं दोन असतात आणि दोन्हीचा उपाय वेगळा आहे. माझं हिमोग्लोबिन ९.६ होतं तेव्हा काकूंनी ही कॅप्सूल सुचवली, पण माझ्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या आधीच फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सीआरपी (शरीरात सूज किती ते दाखवणारी टेस्ट) करायला लावलं होतं, त्यात फेरिटिन आलं २१०, सॅच्युरेशन १४ टक्के आणि सीआरपी ३८. फेरिटिन म्हणजे साठवलेल्या आयर्नचा अंदाज, ते २१० म्हणजे साठा भरपूर दिसतोय, आणि सॅच्युरेशन २० च्या खाली म्हणजे रक्तात फिरणारं आयर्न मात्र कमी. मग साठा आहे तर रक्त का बनत नाही, तर मॅडमनी सांगितलं ते असं की शरीरात सूज चालू असते तेव्हा इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप लिव्हरला जातो आणि लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं, ते हेप्सिडिन आतड्यातून आयर्न आत यायची वाट बंद करतं आणि पेशींमध्ये साठलेलं आयर्नही बाहेर पडू देत नाही. कोठीत धान्य आहे पण कोठीला कुलूप आहे, आणि आपण बाजारातून आणखी पोतं आणून दारात टाकायला निघालोय.

या अवस्थेत तोंडावाटे आयर्न घेतलं तर त्यातलं फार थोडं आत शिरतं, बाकीचं आतड्यात राहतं आणि तिथे बद्धकोष्ठता, मळमळ, पोटात दुखणं, काळी शी हे सगळं करतं. मुळात निरोगी माणूससुद्धा दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम आयर्न शोषून घेतो, रक्त बनवायला लागणारं बाकीचं २० ते २५ मिलिग्रॅम जुन्या लाल पेशी मोडून त्यातूनच परत मिळतं, आणि सूज असते तेव्हा नेमकी ही परत मिळायची व्यवस्थाच अडते. त्यामुळे माझ्या बाबतीत उपाय होता संधिवात आटोक्यात आणणं. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाचा डोस नीट बसला, सीआरपी खाली आलं, आणि आयर्नची एकही गोळी न घेता हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. ज्यांना टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन चालू असतं त्यांचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा लवकर वाढतं, कारण ते औषध इंटरल्यूकिन-६ चाच निरोप अडवतं.

पण याचा अर्थ संधिवातात आयर्न कधीच लागत नाही असा घेऊ नका प्लीज. आमच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं पेनकिलर खातात, पेनकिलरने पोटात अल्सर होऊन थोडं थोडं रक्त जात राहतं आणि खरोखरचं आयर्न संपतं, आणि मग दोन्ही कारणं एकाच माणसात असतात. नुसतं फेरिटिन बघून फसायला होतं ते इथेच, कारण सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं, एरवी ३० च्या खाली गेलं की कमतरता धरतात पण सूज असताना १०० च्या खाली असलं तरी डॉक्टर कमतरता असू शकते म्हणून बघतात. लॅबच्या रिपोर्टवर मात्र ते ‘नॉर्मल’ म्हणूनच छापून येतं. म्हणून फेरिटिनसोबत सॅच्युरेशन आणि सीआरपी मागून घ्या.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सवाल्यांना (हे आतड्यांच्या सुजेचे आजार) तर आजार उसळलेला असताना तोंडावाटे आयर्न आणखी त्रास देऊ शकतं, त्यात हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर युरोपातल्या या आजारांच्या संस्थेची शिफारस सरळ सलाईनमधून आयर्न द्यायची आहे. सीलिअ‍ॅक असेल तर आतडंच आयर्न शोषत नाही, आणि कितीतरी लोकांना वर्षभर गोळ्या खाऊन रक्त वाढत नाही म्हणून तपासल्यावरच कळतं की गव्हाचा त्रास आहे. ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमध्ये बी१२ आणि आयर्न दोन्ही अडतं. हे सगळे ऑटोइम्यूनच आजार आहेत आणि बाटलीसोबत आलेल्या कागदावर या सगळ्यांना मिळून एकच वाक्य आहे, ‘इम्युनिटी बॅलन्स करते’. ज्या आजारात कुणाचं आयर्न अडकलंय, कुणाचं शोषलं जात नाहीये आणि कुणाचं वाहून जातंय, त्या सगळ्यांना एक कॅप्सूल रोज कशी चालेल.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, आयर्न आणि थायरॉक्सिन यात चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागू होत नाही. कागदावर लिहिलंय सकाळी उपाशीपोटी घ्या, आणि थायरॉइडची गोळी पण सगळे सकाळी उपाशीपोटीच घेतात! शिवाय यातलं बायोटिन. केसांसाठीच्या जास्त डोसच्या बायोटिनमुळे काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच चुकून कमी आणि टी४ चुकून जास्त दिसू शकतं, म्हणजे रिपोर्ट बघून वाटेल थायरॉइड जास्त काम करतोय आणि प्रत्यक्षात तसं काही नसतं, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये लॅब टेस्टमधल्या या घोळाबद्दल जाहीर इशारा दिला होता. या बाटलीत बायोटिन त्यामानाने कमी आहे, पण बऱ्याच जणी केसांची वेगळी गोळी पण घेत असतात, टेस्टच्या आधी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

आता सासऱ्यांचं. कॉलनीतल्या कॅम्पमध्ये बाबांचं हिमोग्लोबिन १०.४ निघालं, घरात बाटली होतीच, त्यांनी रोज एक घ्यायला सुरुवात केली. आणि मान्य करायला हवं की कॅप्सूलने काम केलं, हिमोग्लोबिन वाढलं, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, काकूंनी तर त्यांचा अनुभव ग्रुपवर टाकला पण. मग बीपीच्या चेकअपला गेले तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, रक्त वाढलं ते चांगलं झालं पण मुळात कमी का झालं होतं? त्या वयाच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत आयर्न कमी निघालं तर रक्त कुठून तरी जातंय का हे बघावंच लागतं, पोटातून किंवा आतड्यातून, आणि त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे एक कारण असतं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, बाबांच्या आतड्यात पॉलिप (छोटी गाठ) सापडला, तो तेव्हाच काढला, तपासणीत कॅन्सर नाही असं आलं, देवाची कृपा. पण आयर्नमुळे शी काळी होते हे माहीत असल्याने तोपर्यंत काळ्या रंगाकडे कुणीच लक्ष दिलं नव्हतं, आणि बरं वाटायला लागल्यामुळे कुणी पुढची तपासणी केली नसती. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला आयर्न द्यायच्या आधी कारण शोधा, हे मला या बाटलीच्या झाकणावर छापलेलं हवंय.

जाऊबाईंच्या बाबतीत गोष्ट आणखी वेगळी. त्यांना केमोच्या दरम्यान खरोखरच आयर्नची कमतरता होती, फेरिटिन आणि सॅच्युरेशन दोन्ही खाली, आणि हॉस्पिटलने फेरिक कार्बोक्सीमाल्टोज नावाचं आयर्न सलाईनमधून दिलं, ते पण केमोच्या दिवशी नाही, वेगळ्या दिवशी बोलावून. नंतर फॉस्फेट तपासलं कारण त्या औषधाने फॉस्फेट खाली जाऊ शकतं. म्हणजे गरज असेल तर कॅन्सरमध्येही आयर्न देतात, पण मोजून, वेळ बघून, लक्ष ठेवून. त्याच वेळी ऑन्कॉलॉजिस्टनी ही बाटली हातात घेऊन लेबल वाचलं आणि सांगितलं, केमो संपेपर्यंत यातलं काहीही नको. त्यांनी कारणही नीट समजावलं आणि त्यानंतर मी स्वतः बरंच वाचलं, तेच इथे मांडते.

जाऊबाईंना डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि पुढे पॅक्लिटॅक्सेल अशी केमो होती. अमेरिकेत याच औषधांच्या एका मोठ्या ब्रेस्ट कॅन्सर ट्रायलमध्ये ११३४ बायकांना विचारलं होतं की केमोच्या आधी आणि केमोच्या दरम्यान कुठले सप्लिमेंट घेता, आणि मग त्यांची पुढची तब्येत बघितली. २०२० मध्ये निकाल आला. ज्या बायकांनी आधीही आणि केमोदरम्यानही अँटिऑक्सिडंट घेतले, व्हिटॅमिन ए, सी, ई, कॅरोटिनॉइड, कोएन्झाइम क्यू१०, त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं, साधारण ४० टक्क्यांनी, आकडा सांख्यिकीच्या हिशोबात थोडक्यात पक्का ठरला नाही पण कल त्याच दिशेने होता. आणि केमोदरम्यान आयर्न घेणाऱ्यांमध्ये परत येण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं, बी१२ घेणाऱ्यांमध्येसुद्धा. प्रामाणिकपणे हे पण सांगायला हवं की हा अभ्यास नुसतं विचारून केलेला आहे, गोळ्या वाटून नाही, घेणाऱ्या बायका तशा थोड्याच होत्या, आणि ज्यांची तब्येत जास्त ढासळली त्याच आयर्न घेत असतील असंही असू शकतं. तरी या बाटलीचं लेबल आणि त्या अभ्यासातली यादी समोरासमोर ठेवली की काळजी वाटतेच.

आणि गोळ्या वाटून केलेले अभ्यासही आहेत, त्यांचे निकाल बघून मी हादरले. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांना काही वर्षं बीटा कॅरोटिन किंवा व्हिटॅमिन ई किंवा डमी गोळी दिली, अपेक्षा ही की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा, बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत सिगारेट ओढणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८ हजार लोकांवर बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ए ची ट्रायल चालू होती, ती १९९६ मध्ये मुदतीआधीच बंद करावी लागली, कारण फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसला. मग ३५ हजार पुरुषांवर सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई ची ट्रायल झाली, प्रोस्टेट कॅन्सर टाळायला, सेलेनियमने काही फायदा नाही आणि २०११ चा पुढचा हिशोब आला त्यात ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन घेणाऱ्या ५४० पेशंटना व्हिटॅमिन ई दिलं, सुरुवातीला काही काळ सोबत बीटा कॅरोटिनही होतं, रेडिएशनचा त्रास थोडा कमी झाला खरा पण पुढच्या वर्षांमध्ये ज्यांना ते दिलं त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. आपल्याकडे तंबाखू, मावा, बिडीमुळे तोंडाचा कॅन्सर किती आहे ते सगळ्यांना माहितीय, आणि नेमक्या याच पेशंटच्या घरी लोक प्रेमाने अशा बाटल्या घेऊन जातात, म्हणून मी हे एवढं लिहितेय.

असं का होतं तर रेडिएशन आणि डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधं कॅन्सरच्या पेशीला मारताना ज्या गोष्टींचा वापर करतात त्यात फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) असतात, तेच आपण गोळी खाऊन शमवायला निघतो. शिवाय कॅन्सरच्या पेशीलाही जगायला संरक्षण लागतं आणि बाहेरून दिलेलं अँटिऑक्सिडंट चांगली पेशी कुठली वाईट कुठली असा भेद करत नाही. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या गाठी असलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे दुसरं अँटिऑक्सिडंट दिलं तर गाठी जास्त वेगाने वाढल्या, उंदीर लवकर मेले. फळं-भाज्यांमधून मिळणारं याच्यात येत नाही, जाऊबाईंना डाएटिशियननी संत्रं, पेरू, टोमॅटो, पालेभाज्या सगळं खायला सांगितलं होतं, फक्त पांढऱ्या पेशी खाली असताना कच्चं टाळून, शिजवून. आवळा खाणं आणि आवळ्याच्या कितीतरी पट डोसची कॅप्सूल रोज घेणं यात हाच फरक आहे.

व्हिटॅमिन सी बद्दल हमखास कुणीतरी लायनस पॉलिंगचं नाव काढतं, दोन नोबेल मिळालेला माणूस, त्याने सांगितलं होतं सी ने कॅन्सर पेशंट जास्त जगतात. खरं आहे, त्याने आणि स्कॉटलंडच्या डॉक्टर कॅमेरॉनने १९७० च्या दशकात तसं मांडलं होतं, पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रोज १० ग्रॅम व्हिटॅमिन सी विरुद्ध डमी गोळी अशी तुलना केली आणि काहीच फरक दिसला नाही. शिरेतून जास्त डोस देण्यावर संशोधन चालू आहे, पण त्याचा आणि या कॅप्सूलचा काही संबंध नाही.

हर्बल ब्लेंडकडे येते. हळद आपण रोज खातो म्हणून सगळ्यांना वाटतं चालतंय, पण इथे हळदीचा अर्क मिरीच्या अर्काबरोबर आहे. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मिरीतल्या पायपरीनमुळे कर्क्युमिन जवळपास वीसपट जास्त शोषलं जातं, आणि जाहिरातीत हे अभिमानाने लिहिलेलं असतं. पण जी गोष्ट हळदीला आत ढकलते ती इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकते, आणि हळद-मिरीच्या अशा कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस अमेरिकेत नोंदवल्या गेल्यात. शिवाय कर्क्युमिन आयर्नला धरून ठेवतं, म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये आयर्न देणारं आणि त्याला अडवणारं शेजारी शेजारी बसलंय, ग्रीन टीचा अर्क पण तेच करतो. जेवणाबरोबर चहा नको म्हणून सांगतात ना, मग चहाचाच अर्क आयर्नसोबत का घातला हे मला कळलेलं नाही.

गुळवेलीबद्दल लिहिलं की लोक चिडतात, तरी लिहिते. कोविडच्या काळात घरोघरी काढा झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली ज्यांच्या लिव्हरला गुळवेल घेतल्यावर इजा झाली होती आणि ती ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, म्हणणं हे की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या शहरांतल्या हॉस्पिटलांनी मिळून ४३ पेशंट मांडले. माझ्यासाठी मुद्दा साधा आहे, ज्या आजारात माझी स्वतःची प्रतिकारशक्तीच माझ्या सांध्यांवर चालून येतेय आणि डॉक्टर तिला शांत करायला औषध देतायत, त्यात तिला चेतवणारी वनस्पती मी का घ्यावी. आणि मेथोट्रेक्सेटमुळे लिव्हरच्या टेस्ट आम्हाला तशाच नियमित कराव्या लागतात, एन्झाइम वाढले तर ते औषधाने की कॅप्सूलने हे कसं ठरवणार, मग विनाकारण चांगलं लागू पडलेलं औषध बंद होतं. स्पिरुलिनाने पण ऑटोइम्यून त्रास उसळल्याच्या केसेस आहेत, अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या आहेत. लुपसवाल्यांनी अल्फाल्फाचे मोड आणि एकिनेशिया पण टाळा, ते इतर ‘इम्युनिटी’ बाटल्यांमध्ये असतं.

मी सप्लिमेंटच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये, मी स्वतः घेते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं (रोज नाही, हे ज्यांना नवीन सुरू झालंय त्यांनी नीट लक्षात ठेवा, चुकून रोज घेतल्याने जिवावर बेततं) आणि त्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी, त्याने तोंड येणं, मळमळ कमी होते. व्हिटॅमिन डी घेते, टेस्ट करून. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांवर पाच वर्षांहून जास्त चाललेल्या ट्रायलमध्ये रोज २००० युनिट डी घेणाऱ्यांमध्ये नवीन ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी झाले असं २०२२ मध्ये आलं, तो आजार टाळण्याबद्दलचा निकाल आहे, झालेला बरा करण्याबद्दलचा नाही, पण आशादायक आहे. शाकाहारी असाल तर बी१२ बघून घ्या. हे सगळं सुटं सुटं मिळतं, डोस माहीत असतो, एक बंद करायचं असेल तर एकच बंद करता येतं. आणि आयर्न खरंच लागणार असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची साधी गोळी जनऔषधी केंद्रात या बाटलीच्या तुलनेत खूपच स्वस्त मिळते. ती रोज घ्यायची की दिवसाआड ते पण विचारा, झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आयर्न कमी असलेल्या बायकांमध्ये दाखवलं की दिवसाआड घेतलं तर प्रत्येक गोळीतलं जास्त टक्के शोषलं जातं, कारण एक डोस घेतला की हेप्सिडिन दिवसभर वर राहतं. जेवणात लोखंडी कढईत टोमॅटो-चिंचेची भाजी, अळिवाचे लाडू, पोह्यांवर लिंबू हे चालू ठेवा. बीट आणि डाळिंबाने रक्त वाढतं असं सगळे सांगतात पण त्यात आयर्न फार थोडं असतं, आवडतं म्हणून खा.

दोन स्टार कशाचे दिले तर एक पॅकिंग आणि लायसन्सचा, आणि एक यासाठी की निरोगी पण आयर्न कमी असलेल्या माणसात आयर्नने त्याचं काम केलं. तीन कापले ते दाव्यांमुळे. बाटलीवर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलंय, कारण कायद्याने छापावंच लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ब्रोशरमध्ये संधिवात, लुपस, सोरायसिस, कॅन्सर सगळ्यांची नावं आणि ‘मुळापासून’ हा शब्द. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. काकूंवर माझा राग नाही, त्यांना जे ट्रेनिंगमध्ये सांगितलं तेच त्या मनापासून सांगतात आणि जाऊबाईंच्या केमोच्या दिवसांत डबा घेऊन येणाऱ्यांमध्ये त्या पहिल्या होत्या. कस्टमर केअरला फोन करून विचारलं की मेथोट्रेक्सेट चालू असताना चालेल का, उत्तर मिळालं नॅचरल आहे मॅडम कशाबरोबरही चालतं. केमो चालू असताना? तरी तेच उत्तर. फोनवरच्या मुलीने एकदा जरी ‘डॉक्टरांना विचारा’ म्हटलं असतं तरी मी आणखी एक स्टार दिला असता.

दुसरी बाटली सीलबंद होती ती परत केली, कुरिअरचे पैसे कापून बाकीचे खात्यात जमा झाले, त्यात काही कटकट झाली नाही. बिल आणि झाकणाचं सील जपून ठेवा, त्याशिवाय परत घेत नाहीत. ब्रोशरचे स्क्रीनशॉट मी फूड सेफ्टी कनेक्ट या एफएसएसएआयच्या तक्रारीच्या अ‍ॅपवर टाकलेत, तक्रारीचा नंबर लगेच आला, फोटोत लायसन्स नंबर आणि बॅच नंबर दोन्ही दिसायला हवेत एवढं बघा.